प्रेमपत्रांचा पाऊस आणि रस्त्यावर चेंगरणारे भेक

बालाघाटी (11 जून, रात्री 10:47)

दोन विषय एकाच धाग्यात टाकायलोय, संपादक मंडळानं रागावू नये. दोन्ही एकाच दिवशी अंगावर आले आणि आता डोक्यात एकमेकांपासून सुटेनात.

आमचं कृषी सेवा केंद्र आहे, अंबाजोगाई तालुक्यात. मृग निघून चार दिवस झालेत, सोयाबीनच्या बॅगांची थप्पी पत्र्याला टेकलीय आणि ‘डीएपी कधी येतंय’ ह्या एका प्रश्नावर दिवस निघायलाय. मागच्या वर्षी बोर्ड नवा रंगवला तेव्हा पेंटर म्हणला, खाली ईमेल टाकू का? म्हटलं टाक, तेवढंच शोभतं. त्या शोभेची फळं आता भोगायलोय. पंधरा दिवसांत नऊ मेल. आजचा जसाच्या तसा देतो:

‘प्रिय एक, तुझी रूपरेषा पाहून माझे हृदय उभे राहिले. मी एकोणतीस वर्षांची प्रामाणिक स्त्री आहे आणि वय फक्त अंक आहे. मी तुला झोपताना बघते. तू माझ्या खाजगी पेटीत लिहिलेस की मी माझी चित्रे सोडीन. देव तुझ्या बियाण्यांना आशीर्वाद देवो.’

दुपारी बायकोला वाचून दाखवला, ती ‘रूपरेषा’वर अर्धा तास हसत होती. मीही हसलो. पण जेवून जरा आडवा झालो आणि ते ‘झोपताना बघते’ आठवलं. यंत्रानं ‘स्वप्नात तू दिसतोस’चं तसं केलं असणार, कळतं की. तरी उठून खिडकी लावली. आणि बियाण्यांचं तिला कुणी सांगितलं?

हे एक. आता दुसरं. संध्याकाळी साडेसातला पहिला खरा पाऊस झाला, तासभर, नुसता ओतला. नऊला शटर ओढून गाडीवर निघालो. दुकान ते घर दोन किलोमीटर. मधे एका अंगाला माळ, दुसऱ्या अंगाला पाझर तलाव. दोन वर्षांखाली हा रस्ता चौपदरी झाला, सिमेंटचा, मधे गुडघ्याएवढा दुभाजक. तलावासमोर आलो तर हेडलाइटात रस्ताच हलायलाय. बेडकं! मातकट, खरबडीत, मुठीएवढाली. माळावरून उतरून तलावाकडं निघालेली. निम्मी दुभाजकाला धडकून त्याच्या कडेकडेनं चाललेली, वाट सापडेना. तेवढ्यात एक टिप्पर गेला. आवाज कसा सांगू? पाण्यानं भरलेले फुगे पायाखाली फुटावेत तसा, एकामागं एक. टिप्पर गेल्यावर मोबाइलच्या उजेडात विजेच्या दोन खांबांमधली मेलेली मोजली. 43.

मग हेल्मेट काढलं आणि त्यात भरभरून पलीकडं नेऊन सोडायला लागलो. पाच-सहा खेपा झाल्या. जाणारे-येणारे थांबून विचारायलेत, ‘काय हरवलं का दादा?’

तर प्रश्न दोन. असले मेल तुम्हालाही येतात का आणि पाठवणाऱ्याला त्यातून मिळतं काय? आणि ह्या बेडकांचं काय करता येईल? परवा परत पाऊस सांगितलाय.

खिचडी_कढी (11 जून, रात्री 11:02)

हेल्मेट धुतलं का, एवढंच सांगा.

बालाघाटी (11 जून, रात्री 11:04)

धुतलं. बायको म्हणाली नवं घ्या.

सोयाबीन_भाव (11 जून, रात्री 11:20)

भाऊ, तुम्हाला भरल्या हंगामात वेळ बरा मिळतो. असल्या मेलला उत्तर देणारा माणूस म्हणजे नुसता बैल, त्याचे पैसे जायलाच पाहिजेत. आणि बेडकं रस्त्यावर आली म्हणजे पेरणीजोगा पाऊस पक्का, आमचे आजोबा त्यावर तिफण जुंपायचे. चेंगरली तर चेंगरली. हजारानं होतात.

गोदाकाठ (12 जून, सकाळी 6:20)

बालाघाटी, तुम्ही उचललेत ते बेडूक नव्हेत, भेक. नांदेडला छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, हे सांगितल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागायचा नाही. बेडकाची कातडी ओली नि गुळगुळीत, मागचे पाय लांब, झेप लांब. भेकाची कातडी कोरडी, फोडाफोडांची, पाय आखूड; उड्या कसल्या, बराचसा चालतच जातो. शास्त्रीय नाव डुटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळेजर्द दिसतात ते वेगळे, ते मोठ्या भारतीय बेडकाचे नर. त्या बेडकाचे पाय आपण एकेकाळी परदेशी ताटांसाठी टनावारी पाठवत होतो. 1987 मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली.

भेक एरवी पाण्यापासून लांबच असतो. दगडाखाली, माठाच्या तिवईखाली, न्हाणीच्या मोरीत. दमदार पाऊस झाला की नर तळ्याच्या काठाशी जमतात आणि गळ्याची पिशवी फुगवून हाका मारतात. मादी ओरडत नाही. ती हाकेच्या रोखानं चालत येते. अंडी जेलीच्या लांब दोऱ्यांत, काळ्या मण्यांची पोत पाण्यात पडलीय असं वाटावं. बेडकाची अंडी गोळ्यानं असतात.

रस्त्यात रेंगाळतो ह्याचंही कारण आहे. दिवसभर तापलेलं सिमेंट कोमट असतं आणि दिव्याखाली किडे पडतात. वर गाडीचा उजेड अंगावर आला की हा पळत नाही, जागेवर बसून राहतो.

हात लावल्यानं चामखीळ येत नाही. ती विषाणूनं येते, भेकाचा काही संबंध नाही. मात्र डोळ्यांच्या मागं दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यात विष असतं. कुत्र्यानं तोंडात धरला की फेस गाळत बसतं ते त्यामुळं. उचलून झाल्यावर हात साबणानं धुवा, तोवर डोळे चोळू नका. (हेल्मेट धुतलंत ते बरं केलंत.)

आता तुमच्या पहिल्या विषयाशी जुळणारी गंमत. हंगामात नर इतका उतावीळ असतो की जे हलेल त्याला मागून मिठी घालतो. दुसऱ्या नराला घालतो, माशाला घालतो. दुसरा नर असला तर तो खालून एक तुटक आवाज काढतो, त्याचा अर्थ ‘सोड, मी ती नव्हे’. मग वरचा सोडतो. सहलीत एका भेकानं माझ्या विद्यार्थ्याची चप्पल धरली होती. चप्पल तसा आवाज काढत नाही. तो बराच वेळ धरून बसला.

खिचडी_कढी (12 जून, सकाळी 8:11)

म्हणजे ‘प्रिय एक’ ही चप्पल.

परभणी_ते_बाथ (12 जून, दुपारी 2:15)

मूळचा परभणीचा, सध्या इंग्लंडात बाथजवळ. इथं लोक हेच काम रीतसर करतात हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुला तिकडं नोकरी आहे ना नक्की?’

शहराच्या वरच्या अंगाला चार्लकोम लेन म्हणून एक अरुंद रस्ता आहे. तो दरवर्षी फेब्रुवारी-मार्चात सहा आठवडे वाहनांना बंद ठेवतात. भेक, बेडूक आणि न्यूट (दिसायला पालीसारखा, गोत बेडकाचं) उतारावरून खालच्या तळ्याकडं जातात म्हणून. इथला भेक वेगळ्या जातीचा. तो पावसाळ्याची नाही, थंडी सैल होण्याची वाट बघतो. अंधार पडला, जमीन ओली आहे, हवा पाच-सहा अंशांच्या वर गेली, की निघाला. आणि जातो ते जन्मलेल्या तळ्याकडंच. मधे रस्ता झाला, कॉलनी उठली, त्याला काय त्याचं. पुष्कळदा नर वाटेतच मादीच्या पाठीवर बसतो आणि ती बिचारी डबलसीट रस्ता ओलांडते.

फ्रॉगलाइफ नावाची संस्था देशभरातल्या अशा गस्ती जोडते. ब्रिटनच्या रस्त्यांवर वर्षाला 20 टन भेक मरतात असा अंदाज सांगितला जातो. 2016 मध्ये ह्या गस्तीवाल्यांच्याच वह्यांवरून अभ्यास छापून आला: तीस वर्षांत भेक 68 टक्क्यांनी घटले. सोयाबीन_भाव, ‘हजारानं होतात’ हे इथलेही म्हणायचे.

आता कामाचं. हेल्मेट नको, बादली घ्या. टॉर्च आणि अंगावर चमकणारं जाकीट, कारण टिप्परवाल्याला तुम्हीही भेकाएवढेच दिसता. जो ज्या दिशेला निघालाय त्याच दिशेला सोडायचा. मागं नेऊन सोडला तर तो रात्रभर परत तोच रस्ता चढणार. आणि वहीत लिहा: तारीख, पाऊस किती, जिवंत किती, मेलेले किती. दोन हंगामांची वही घेऊन गेलात तर दुभाजकाला खालून चार भोकं पाडा म्हणून कुणाला तरी सांगता येईल. नुसती हळहळ घेऊन गेलात तर चहा मिळेल.

गोदाकाठ (12 जून, दुपारी 3:40)

अगदी. आणि एक प्रवास सगळेच विसरतात. आता जातायत ते मोठे. काही आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतील, नखाएवढी, आणि उलट दिशेला, तलावाकडून माळाकडं जातील. ती हेडलाइटात दिसतसुद्धा नाहीत.

शेततळ्यांचंही बघा. ‘मागेल त्याला शेततळे’ आल्यापासून तळी वाढली, पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात भेक उतरला की वर येता येत नाही. पोहून पोहून दमतो आणि बुडतो. जुनं पोतं नाहीतर काथ्याची जाळी काठावरून पाण्यापर्यंत सोडून ठेवली तरी पुरतं. वरचं टोक दगडाखाली दाबा.

पासबुक (12 जून, रात्री 9:05)

बँकेत आहे, कुठल्या ते नको. मेलच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं काउंटरवर येत असतं.

मिळतं काय? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडं एकट्या 2022 मध्ये जवळपास 70,000 लोकांनी असल्या प्रेमाच्या फसवणुकीची तक्रार केली. बुडालेली रक्कम 1.3 अब्ज डॉलर. आपल्या हिशेबात दहा हजार कोटींच्या वर. आणि हे ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं.

भाषा एवढी गचाळ का, ह्यावर मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली ह्यांनी 2012 मध्ये एक निबंध लिहिला होता. विषय नायजेरियाचं घबाड देऊ करणाऱ्या मेलचा, पण इथंही बसतो. मेल सोडायला खर्च नाही. खर्च पुढं आहे, उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे बोलत बसायला माणूस लागतो. तेव्हा जो शेवटी पैसे देणारच नाही तो पहिल्या ओळीलाच गळावा, म्हणून मेल वेडगळ ठेवायचा. ती चाळणी आहे. बालाघाटी, तुम्ही हसलात तिथंच कोंड्यात गेलात. (बियाण्यांचं म्हणाल तर तुमच्या ईमेलच्या नावातच ‘सीड्स’ असणार. बघा.)

पुढची वाट ठरलेली. मेलवरून व्हॉट्सॲप. महिना-दोन महिने गोड बोलणं, त्यात पैशाचा प सुद्धा नाही. मग तुमच्यासाठी पार्सल निघतं, त्यात घड्याळ, सोनं, डॉलर. मग ‘दिल्ली विमानतळ, कस्टम’ म्हणून फोन: शुल्क भरा नाहीतर गुन्हा दाखल होईल. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रावर नोव्हेंबर 2019 पासून ‘डिन’ नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

पैसे गेले तर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, आणि तातडीनं. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या असा पळतो आणि एटीएममधून निघून जातो. खात्यात असेल तोवरच त्याला होल्ड लागतो. लोक येतात पंधरा दिवसांनी. का, तर लाज वाटली.

जाता जाता. असल्या मेलना जगभर ‘419’ म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी संहितेतलं कलम. आपलं 420. एका आकड्यानं शेजार हुकला. 1 जुलै 2024 पासून आपलंही न्याय संहितेत 318 झालंय, पण ‘तीनशे अठरा माणूस आहे’ असं कुणी म्हणेल असं वाटत नाही.

सोयाबीन_भाव (12 जून, रात्री 9:30)

पाठवणारे सापडले तर चाबकानं फोडले पाहिजेत. बास.

पासबुक (12 जून, रात्री 9:48)

कुणाला फोडणार? म्यानमार-थायलंड सीमेवर, कंबोडियात कुंपण घातलेल्या वसाहती आहेत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेली पोरं तिथं पासपोर्ट काढून घेऊन बसवतात आणि दिवसाला इतके लोक गळाला लाव म्हणून सांगतात. 2025 च्या मार्चमध्ये आपल्या हवाईदलाच्या विमानांनी पाचशेच्या वर भारतीयांना तिथून परत आणलं. तुम्हाला ‘प्रिय एक’ लिहिणारा कदाचित स्वतःच कुणाच्या तरी मेलला भुलून गेलेला असेल.

लातूरची_लेक (12 जून, रात्री 11:16)

हा धागा सकाळपासून वाचतेय, लिहू का नको करत होते.

सोयाबीन_भाऊ, तुम्ही बैल म्हणालात ती माझी आत्या. चाळीस वर्षं अंगणवाडीचं सगळं रजिस्टर तिनं एका हाती सांभाळलं, एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. मामा गेल्यावर आमच्याकडंच राहायला आली. जहाजावरचा डॉक्टर म्हणून एक जण तिच्याशी बोलायचा. रोज दुपारी विचारायचा, ‘जेवलीस का?’ आम्ही घरात सहा माणसं. भाजीत मीठ कमी पडलं हे तिला सगळ्यांनी सांगितलं, जेवलीस का हे त्यानंच विचारलं.

2,60,000 गेले. कळलं त्या दिवशी घरात काय झालं असेल? हसले सगळे. मीसुद्धा. माझ्या नवऱ्यानं त्या डॉक्टरची नक्कल करून दाखवली, ताटावर बसून. आत्या उठून भांडी घासायला गेली.

चार महिन्यांनी आणखी एक फोन आला तिला. आम्ही इंटरपोलचे, तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात म्हणे. ह्या वेळी तिनं घरात कुणालाच विचारलं नाही. पाटल्या गेल्या. ते आम्हाला दिवाळीत कळलं, तिनं हात पदराखाली घेतले होते तेव्हा.

बाकी चालू द्या तुमचं.

सोयाबीन_भाव (12 जून, रात्री 11:31)

ताई, मी तसं नव्हतो म्हणत.

लातूरची_लेक (12 जून, रात्री 11:33)

तसंच म्हणत होतात. असू द्या. तेव्हा मीही तसंच म्हणत होते.

गोदाकाठ (13 जून, सकाळी 6:05)

अमेरिकेत फोटुरिस गटातल्या काजव्याची मादी दुसऱ्या जातीच्या मादीसारखा लुकलुकाट करते. तो नर खाली उतरला की त्याला खाते. त्या नराला मूर्ख म्हणायला कुठलाही कीटकशास्त्रज्ञ धजत नाही. त्याला आलेली खूण त्याच्याच बोलीतली होती.

बालाघाटी (13 जून, रात्री 11:35)

कुणी जागं आहे का? विशेषतः पासबुक.

आज दुपारी आमचे चुलते दुकानात आले. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. काकू जाऊन तीन वर्षं झाली, पोरं बाहेर. दुकानात प्रिंटर आहे, पीकविम्याच्या पावत्या, सातबारा काढायला गर्दी असते. त्यांनी मोबाइल पुढं केला: ‘एवढ्याच्या दोन प्रती काढ.’ बघतो तर ‘सीमाशुल्क मंजुरी प्रमाणपत्र’. वर सिंहांची मुद्रा, जरा तिरकी. खाली अण्णांचं पूर्ण नाव, पार्सल 7 किलो, शुल्क 48,500, दोन हप्त्यांत. आणि मराठी इतकं स्वच्छ की एक वेलांटी चुकलेली नाही.

लातूरची ताई, खरं सांगतो. तुमची पोस्ट वाचलेली नसती तर मी तिथंच मोठ्यानं हसलो असतो. काउंटरला चार गिऱ्हाइकं होती.

हसलो नाही. प्रिंटर बिघडलाय म्हटलं. चहा सांगितला, गिऱ्हाइकं वाटंला लावली. मग हळूच विचारलं, अण्णा, पैसे गेले का? कितीतरी वेळ बशीकडं बघत बसले. म्हणाले, सकाळी साडेअकराला, पहिला हप्ता. तेव्हा दोन वाजले होते. 1930 लावू म्हटलं तर उठले. ‘गावभर बोभाटा करायचाय का तुला?’ चहा तसाच सोडून गेले. संध्याकाळी दोनदा घरी गेलो, आतून कडी.

काय करू?

पासबुक (13 जून, रात्री 11:41)

आत्ता जा. सकाळची वाट बघू नका. 1930 रात्रीही चालू असतो. त्यांच्या खात्याचा नंबर, बँकेच्या मेसेजमधला यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, एवढं जवळ ठेवा. तक्रार त्यांनीच बोलून दिलेली बरी. दुसरा हप्ता कुठल्याही परिस्थितीत जाऊ देऊ नका.

संपादक (13 जून, रात्री 11:44)

वरच्या पोस्टमधली गावाची आणि शाळेची खूण काढून टाकली आहे. बालाघाटी, पुढेही सांभाळून लिहा.

गोदाकाठ (13 जून, रात्री 11:46)

पाऊस आहे का तुमच्याकडं?

बालाघाटी (13 जून, रात्री 11:47)

दहा मिनिटांखाली सुरू झालाय.

गोदाकाठ (13 जून, रात्री 11:49)

मग नंबरचं काही बोलू नका. दार वाजवा आणि म्हणा, अण्णा, बादली धरायला माणूस पाहिजे. मास्तर माणसाला मदत मागितली की तो कडी काढतो. मी मास्तरीण आहे, मला ठाऊक आहे.

सोयाबीन_भाव (14 जून, रात्री 12:20)

मघाशी टॉर्च घेऊन शेततळ्यावर जाऊन आलो. सहा मेलेली तरंगतायत, दोन जिवंत, कडेला पाय मारायलीत. काढली ती दोन. ते पोतं किती लांब सोडायचं, गोदाकाठ मॅडम? पाणी खाली गेलं तर टोक अधांतरी राहील ना?

गोदाकाठ (14 जून, रात्री 12:24)

तळापर्यंत पोहोचेल एवढं सोडा. चारही कोपऱ्यांत.

बालाघाटी (14 जून, रात्री 2:38)

आलो. भिजलोय पण आधी लिहितो.

कडी काढली त्यांनी. ‘कसली बादली?’ म्हणाले. सांगितलं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पायात शेतातले गमबूट घातले आणि घरातली निळी बादली घेऊन निघाले. रस्त्यावर पहिली दहा मिनिटं नुसती माझी चूक काढली. असा धरू नको, तसा धर. एका हातानं उचलू नको. टॉर्च त्याच्या डोळ्यात मारू नको. मी आपला हो हो.

एक नर त्यांच्या गमबुटाच्या टोकाला चिकटला. सोडेना. पाय झटकला तरी सोडेना. मी मॅडमची चपलेची गोष्ट सांगितली, आवाजाची वगैरे. ऐकून घेतली. मग दुभाजकावर बसले, पाय लांब करून, तो भेक तसाच बुटावर. म्हणाले, ‘पहिलं पत्र आलं ना, ते मी दुरुस्त करून परत पाठवलं होतं. लाल अक्षरात. हृदय उभे राहिले असं मराठीत म्हणत नाहीत, अमुक म्हणतात. तिनं आभार मानले. पुढच्या पत्रात चुका निम्म्या. वैशाखापर्यंत एकही नाही रे.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘चाळीस वर्षांत एवढं लवकर सुधारलेलं पोरगं मला मिळालं नव्हतं.’

मी काय बोलणार? बुटावरचा तेवढा अलगद सोडवला आणि बादलीत टाकला.

पासबुक, तुमची ती चाळणी असेल. पण आमच्या अण्णांना त्या चुकांनीच धरलं.

मग स्वतःच म्हणाले, तो नंबर काय म्हणालास? दुभाजकावर बसून, छत्रीत, दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. यूटीआर क्रमांक त्यांनी दोन-दोन आकडे तोडून सांगितला, मग ‘पुन्हा वाचतो’ म्हणून परत पहिल्यापासून, शुद्धलेखन घालतात तसा. पलीकडच्या मुलीनं ‘गोठवण्याची विनंती’ऐवजी काहीतरी भलतंच म्हटलं, तर तिलाही दुरुस्त केलं. तक्रारीचा मेसेज आलाय. अठरा हजार होते पहिल्या हप्त्याचे. त्यातले किती थांबले ते उद्या बँकेत कळेल.

नोंद: पाऊस दीड तास. जिवंत 61, मेलेले 17. वही अण्णांकडं दिलीय, अक्षर त्यांचं चांगलं आहे.

बादली धुवायला घेतली तर तळाला एक राहिलेला. परत तलावावर चाललोय.

खिचडी_कढी (14 जून, रात्री 2:41)

हेल्मेट घालून जा. डोक्यावर.